रॉकर आर्म बसवणे आणि टॅपेटची फट जुळवणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गणपतीच्या तोंडावर मंडपवाल्यांचे वर्षभर झाकून ठेवलेले जनरेटर आणि पावसाळा सरला की हवेली, मुळशी, पुरंदर या तालुक्यांतली पाण्याच्या पंपांची डिझेल इंजिने पुण्यात दुरुस्तीला येऊ लागतात. मालकांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते, "टॅपेट वाजतंय, जरा सेट करून द्या." हे ऐकताच नवीन शिकणारा मुलगा झाकण उघडतो, फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांतली, पाती रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या झुलत्या दांड्याच्या) टोकाखाली सरकवतो, स्क्रू फिरवतो आणि काम झाले असे समजतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली ही फट जुळवण्याचे काम खरोखरच दहा मिनिटांचे आहे. त्याच्या आधी रॉकरचे टोक, शाफ्ट, पुशरॉड आणि व्हॉल्व्हची दांडी नीट पाहण्याला मात्र तासभर लागतो, आणि व्हॉल्व्ह टिकतो तो या तासामुळे. झिजलेल्या भागावर मापाने जुळवलेली फट ही खोटी फट असते, हे शिकाऊ मुलाने सर्वांत आधी लक्षात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

हा लेख पुशरॉड असलेल्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला धरून लिहिला आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सने बनवलेल्या इंजिनांमुळे ही रचना आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या आणि मेस्त्रींच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि शिकण्यासाठीही ती उत्तम आहे, कारण झाकण काढले की सगळी हालचाल डोळ्यांसमोर दिसते.

रॉकरचे काम आणि झिजेचे मूळ

कॅमशाफ्ट खाली क्रँककेसमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला उचलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर करतो आणि रॉकरचे दुसरे टोक खाली जाऊन व्हॉल्व्हच्या दांडीला दाबते. रॉकर शाफ्टवर झुलतो, पण त्याचे दोन हात सारख्या लांबीचे नसतात. व्हॉल्व्हकडचा हात लांब असतो. समजा हे प्रमाण १.४ आहे आणि कॅम ६ मि.मी. उचल देतो आहे, तर व्हॉल्व्ह ८.४ मि.मी. उघडतो. याच प्रमाणामुळे पुशरॉडकडच्या टोकावर असलेल्या जुळवणीच्या स्क्रूच्या बाजूला केलेला लहानसा फरक व्हॉल्व्हच्या बाजूला मोठा होऊन दिसतो.

व्हॉल्व्ह गाईडमध्ये (दांडीला धरणाऱ्या नळीत) सरळ रेषेत वरखाली होतो, तर रॉकरचे टोक कमानीत फिरते. त्यामुळे दाबता दाबता रॉकरचे टोक दांडीच्या माथ्यावर थोडेसे घासतेच, आणि या घासण्यातून दांडीला एका बाजूला रेटणारा जोर तयार होतो. रॉकर योग्य उंचीवर बसला असेल, टोक गुळगुळीत असेल आणि मध्ये तेल असेल, तर हा जोर नगण्य राहतो. यातली एक गोष्ट बिघडली की दांडी गाईडच्या एकाच बाजूवर घासू लागते, गाईडचे गोल भोक लांबट होते, तेल खाली उतरून निळा धूर येऊ लागतो आणि डुलणारा व्हॉल्व्ह सीटवर (मिटताना टेकायच्या कड्यावर) दर वेळी वेगळ्या जागी आपटतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो, म्हणजे आठ तासांच्या एका पाळीत ३,६०,००० वेळा. इतक्या वेळा होणारे वाकडे घासणे कितीही बारीक असले तरी ते लोखंड खातेच.

आता फट का ठेवायची ते पाहू. पोलादाची १०० मि.मी. लांबीची दांडी ३०० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे ०.३६ मि.मी. वाढते. हेड आणि सिलिंडरही तापून वाढतात, पण तितके नाही, आणि जळालेले वायू बाहेर सोडणारा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सर्वांत जास्त तापतो. ही वाढ सामावण्यासाठी थंड इंजिनात रॉकरचे टोक आणि दांडी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ती कमी पडली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता सीटवाटेच हेडमध्ये आणि तिथून थंड पाण्यात किंवा हवेत जात असते. टेकणेच बंद झाले की ही वाट बंद होते, शिवाय जळते वायू त्या बारीक सांदीतून वेगाने निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जाळून टाकतात. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, कमी उघडतो आणि लवकर मिटतो. कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना जो हळुवार चढ-उतार मुद्दाम दिलेला असतो, तो त्या मोठ्या फटीतच वाया जातो, आणि मग रॉकर दांडीवर व व्हॉल्व्ह सीटवर हातोडीसारखा आपटतो. वाजणारा टॅपेट मालकाला ऐकू येतो म्हणून तो तक्रार घेऊन येतो. घट्ट टॅपेट मात्र आवाज करत नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काम शिकून नुकताच स्वतंत्र बसू लागलो होतो, तेव्हा सासवडकडच्या एका शेतकऱ्याचे पंपाचे इंजिन आले होते. थंडपणी गेज बरोबर लागत होते, तरी चालू केले की टकटक होतच होती. मी गरम इंजिनावरच, कानाने ऐकत, एग्झॉस्टचा स्क्रू आवळत गेलो आणि आवाज पूर्ण थांबल्यावर स्क्रूला जागेवर धरून ठेवणारा लॉकनट घट्ट केला. मालक समाधानाने इंजिन घेऊन गेले. काही आठवड्यांनी ते परत आले. हँडल मारून हात दुखले तरी इंजिन धरत नव्हते. हेड उतरवले तेव्हा एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला बोरीच्या पानाच्या कडेला अळीने चावा घ्यावा तसा खोल चट्टा पडलेला होता. आवाज मुळात फटीचा नव्हताच, रॉकरचे बुश (शाफ्टवर बसणारी आतली नळी) झिजलेले होते. भर हंगामात त्या माणसाच्या उभ्या पिकाचे पाणी तुटले, आणि त्याला कारण माझे न पाहता स्क्रू फिरवणे होते. तेव्हापासून शाफ्ट आणि बुश पाहिल्याखेरीज मी गेजला हात लावत नाही.

तयारी

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी घ्यावे, हे उत्तम; ते शक्य नसेल तर बंद केल्यावर निदान पाच-सहा तास जाऊ द्यावेत. पुण्यात डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची सकाळ यांच्या तापमानात बराच फरक असतो, पण चालू इंजिनाच्या तापमानापुढे तो फरक किरकोळ आहे; अर्धवट गरम इंजिनावर जुळवणी करणे ही त्याहून कितीतरी मोठी चूक आहे. डिझेलचा कॉक बंद करावा, बॅटरी असेल तर तिची निगेटिव्ह वायर काढावी, आणि हाताने फिरवायचे इंजिन असेल तर हँडल काढून बाजूला ठेवावे.

फटीचे माप त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून किंवा इंजिनावरच्या पट्टीवरून घ्यावे. लहान डिझेल इंजिनांत ते साधारणपणे ०.१५ ते ०.३० मि.मी. यांच्या दरम्यान असते आणि पुष्कळ इंजिनांत एग्झॉस्टची फट इनलेटपेक्षा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा, थोडी जास्त असते, परंतु "साधारणपणे" या शब्दावर कोणत्याही इंजिनाचा व्हॉल्व्ह सोपवू नये. शेजारच्या इंजिनाचे माप या इंजिनाला लावणे हेही तितकेच चूक.

लागणारी हत्यारे मोजकी आहेत. फिलर गेज, लॉकनटाच्या मापाचा रिंग पाना, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर, टॉर्क रेंच, मायक्रोमीटर, जमल्यास मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, जाड टोकाचा मार्कर पेन, स्वच्छ सुती कापड, डबाभर डिझेल आणि इंजिन ऑइल. सुटे भाग घेण्यासाठी नाना पेठेत जाणार असाल तर जुना रॉकर, जुना पुशरॉड आणि इंजिनाचा नंबर बरोबर न्यावा, कारण दिसायला सारखे दोन रॉकर हातांच्या लांबीत फरकाचे असू शकतात आणि तो फरक दुकानाच्या काउंटरवर एकाशेजारी एक ठेवल्याशिवाय कळत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चांगली हत्यारे मिळतात, मीही तिथून पाने घेतले आहेत. वापरलेले फिलर गेज मात्र तिथून घेऊ नये. वाकलेल्या, गंज घासून काढलेल्या पातीवर ०.२० कोरलेले असले तरी ती ०.२० असेलच असे नाही. वापरलेला रॉकर तर मुळीच घेऊ नये, कारण तो दुसऱ्या कुठल्या तरी दांडीवर घासून घासून तिच्या आकाराचा झालेला असतो.

उघडणे आणि पाहणे

झाकणाभोवतीची धूळ ब्रशने आणि डिझेलच्या कापडाने आधी पुसून घ्यावी. झाकण उचलताना आत पडलेला वाळूचा एक कण रॉकरच्या बुशमध्ये शिरला तर तो तिथे सहाणेचे काम करतो. झाकण काढल्यावर हात लावण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढावेत. शाफ्टची कोणती बाजू वर होती, त्यावरची खूण कुठे होती, स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमाने होते, हे जोडताना याच फोटोंवरून पडताळायचे आहे.

स्क्रू सैल करून रॉकरचा ब्रॅकेट काढावा. ब्रॅकेटला एकाहून अधिक नट असतील तर सगळे थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने शाफ्ट तिरका होतो. पुशरॉड उचलताना किंचित फिरवून ओढावा. खालचा टॅपेट तेलाच्या चिकटपणाने त्याच्याबरोबर वर येतो आणि मध्येच सुटून कलतो. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून "इनलेट" आणि "एग्झॉस्ट" असे लिहावे, पुशरॉड त्यात उभे करावेत आणि रॉकर त्यांच्यासमोर ठेवावेत. एकमेकांवर बसलेले भाग पुन्हा त्याच जोडीत बसले पाहिजेत. जुना पुशरॉड दुसऱ्या रॉकरच्या स्क्रूवर बसवला तर दोन्हींच्या झिजलेल्या जागा जुळत नाहीत आणि झीज नव्याने सुरू होते.

आता खरी पाहणी. रॉकरचे टोक डिझेलने धुऊन, पुसून, खिडकीशी तिरके धरावे. चांगल्या टोकावर प्रकाशाची एकसंध, किंचित वळलेली रेघ दिसते. झिजलेल्या टोकावर ती रेघ मध्येच मोडते, आणि मोडते तिथे व्हॉल्व्हच्या दांडीच्या रुंदीचा, नखाच्या चंद्रकोरीसारखा उथळ खळगा असतो. डोळ्याला शंका वाटली तर अंगठ्याचे नख टोकावरून लांबीच्या दिशेने अलगद ओढावे; खळग्याच्या काठावर नख अडते. हा खळगा केवळ दिसायला किरकोळ आहे. फिलर गेजची पाती सपाट आणि खळग्यापेक्षा रुंद असल्यामुळे ती त्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकते, तर व्हॉल्व्हची दांडी सरळ खळग्याच्या तळाशी जाऊन भिडते. खळगा ०.१५ मि.मी. खोल असेल आणि गेजवर तुम्ही ०.२० जुळवली असेल, तर खरी फट ०.३५ मि.मी. असते. "गेज बरोबर लागतं पण टॅपेट वाजतोच" या तक्रारीचे एक कारण हे असते, आणि नवशिका माणूस इथेच स्क्रू आवळण्याच्या मोहात पडतो.

खळगा अगदी हलका असेल तर टोकाचा मूळ गोलवा राखून तेलदगडाने तो घासता येतो असे म्हणतात, आणि अनुभवी हात ते करतातही. शिकाऊ माणसाने ते करू नये. टोकावरचा कठीण केलेला थर पातळ असतो. तो घासला गेला की खालचे मऊ लोखंड काही दिवसांत खाल्ले जाते. नवा रॉकर घ्यावा. टोकावर निळसर झाक असेल तर ते तेल न पोहोचल्याचे लक्षण आहे, तेव्हा रॉकर बदलण्याआधी तेलाची वाट तपासावी. पावसाळाभर शेतात किंवा गळक्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या इंजिनात टोकावर आणि शाफ्टवर गंजाचे बारीक ठिपके सापडतात. पॉलिश पेपरने रंग निघतो, पण ठिपक्याची खोली राहते, आणि तिच्या कडा दांडीला कानशीसारख्या घासतात.

व्हॉल्व्हच्या दांडीचा माथा हेडवरच पाहता येतो. तो सपाट आणि दांडीला काटकोनात असावा. एका बाजूला उतरता झालेला किंवा कडेला ओठ आलेला माथा मशीनवर घासून सरळ करता येतो. हातग्राइंडरने तो कधीही करू नये, कारण हाताने काटकोन साधत नाही आणि इथेही कठीण थर पातळच असतो.

शाफ्ट काढून त्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवावे. रॉकरच्या एका टोकाला पुशरॉड वर रेटतो आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंगही वरच रेटते, त्यामुळे संपूर्ण रॉकर शाफ्टला खालून वर दाबत असतो आणि झीज शाफ्टच्या खालच्या अंगाला पडते. वरून चकचकीत दिसणाऱ्या शाफ्टला खालून पायरी पडलेली मी अनेकदा पाहिली आहे. मायक्रोमीटरने झिजलेल्या आणि न झिजलेल्या जागेचे माप घेऊन फरक पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडावा. रॉकर शाफ्टवर चढवून वर-खाली हलवला असता खडखडला, तर बुश गेले आहे. नवीन बुश प्रेसवर बसवताना त्याचे तेलाचे भोक रॉकरच्या भोकासमोर आले पाहिजे, आणि बसवल्यावर ते रीमरने मापात आणावे लागते. हे काम लेथवाल्याकडून करून घेणे बरे.

पुशरॉड जाड काचेवर ठेवून बोटाने लोळवावा. सरळ असेल तर तो शांतपणे लोळतो, वाकलेला असेल तर खालून उजेडाची फट उघडझाप करते. वाकलेला पुशरॉड ठोकून सरळ करू नये. पोकळ पुशरॉडमधून फुंकून हवा आरपार जाते का तेही पाहावे.

बसवणे

सर्व भाग डिझेलने धुऊन, कोरडे करून, तेलात बुडवून घ्यावेत. शाफ्टमधली तेलाची भोके तारेने मोकळी करावीत. याआधी कोणी झाकणाला सिलिकॉनचा सढळ हाताने लेप दिला असेल, तर त्याचे सुटलेले तुकडे या भोकांत हमखास सापडतात. शाफ्टची भोके झिजेच्या, म्हणजे भाराच्या बाजूला तेल पोहोचेल अशी ठेवलेली असतात. शाफ्ट उलटा बसला तर रॉकर दिसायला तेलाने माखलेला राहतो, पण नेमक्या दाबाच्या जागी कोरडा चालतो. म्हणून आधी काढलेला फोटो आणि शाफ्टवरची खूण दोन्ही ताडून मगच पुढे जावे.

पुशरॉड टॅपेटच्या खोबणीत बसल्याचे वरूनच हाताला कळते, कारण नीट बसलेला पुशरॉड कलवला तरी जागा सोडत नाही. फ्लायव्हील फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी, म्हणजे काँप्रेशनच्या टीडीसीला (हवा दाबून पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या जागी) आणावे. ते कसे ओळखायचे ते पुढे येतेच. रॉकरचे दोन्ही स्क्रू पूर्ण मागे घ्यावेत आणि मगच ब्रॅकेट ठेवावा. स्क्रू पुढे आलेले असताना नट आवळले तर पुशरॉड वाकतो किंवा बिडाचा ब्रॅकेट तडकतो. नट तीन टप्प्यांत, आळीपाळीने आवळावेत, आणि शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर घ्यावा. प्रत्येक टप्प्यानंतर पुशरॉड बोटांनी फिरवून पाहावा. रॉकर शाफ्टवर डावीकडे-उजवीकडे किती सरकतो तेही पाहावे. टोकाची पूर्ण रुंदी दांडीच्या माथ्यावर राहिली पाहिजे, ते कडेवर लोंबकळता कामा नये.

यानंतरची एक तपासणी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते व्हॉल्व्हच्या आयुष्यासाठी तिच्याइतके मोलाचे दुसरे काहीच नाही. फट ढोबळपणे जुळवून घ्यावी, रॉकर उचलून दांडीचा माथा कोरडा पुसावा आणि मार्करने पूर्ण काळा करावा. मग इंजिन हाताने आठ-दहा फेरे फिरवून रॉकर पुन्हा काढावा. जिथे टोक घासले तिथला रंग गेलेला असतो. हा उघडा पट्टा माथ्याच्या मध्यावर आणि अरुंद असेल तर रॉकरची उंची बरोबर आहे. पट्टा कडेला सरकलेला किंवा रुंद पसरलेला असेल तर टोक दांडीला बाजूला रेटत आहे, आणि अशा वेळी फट कितीही अचूक ठेवली तरी गाईड झिजणारच. याचे नेहमीचे कारण म्हणजे सीट अनेक वेळा कापलेली असणे. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो आणि त्याची दांडी तितकीच वर येते, पण रॉकरचा शाफ्ट आहे त्याच उंचीवर राहतो. दुसरे कारण चुकीच्या लांबीचा पुशरॉड, आणि तिसरे म्हणजे ब्रॅकेटखालचा मूळ शिम (उंची साधणारी पातळ पट्टी) हरवलेला असणे. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना रॉकर स्प्रिंगच्या वरच्या वाटीला कुठेही टेकत नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

टीडीसी शोधणे आणि फट जुळवणे

फ्लायव्हीलवरची टीडीसीची खूण चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा समोर येते, आणि त्यांतली एकच आपल्या कामाची असते. इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत इनलेटच्या रॉकरकडे पाहावे. तो व्हॉल्व्ह दाबेल आणि नंतर पुन्हा वर येईल. पूर्ण वर आल्यानंतर पुढे जी खूण समोर येते ती काँप्रेशनची टीडीसी. इथे दोन्ही रॉकर हाताला मोकळे लागतात आणि फ्लायव्हील थोडे मागेपुढे केले तरी हलत नाहीत. दुसऱ्या टीडीसीला एग्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असतो, त्यामुळे फ्लायव्हील जरा हलवले की दोन्ही रॉकर उलटसुलट डुलतात. या जागी कोणी फट जुळवली, तर व्हॉल्व्ह खरोखर बंद असताना ती कितीतरी मोठी निघते आणि इंजिन चालू होताच लोखंडी भांडी आपटावीत तसे वाजते. डिकॉम्प्रेशन लिव्हर असेल तर तो सोडलेला असावा. तो ओढलेला राहिला तर व्हॉल्व्ह दाबलेलाच राहतो आणि सगळे माप चुकते.

गेजची पाती पुसून तेलाचा हलका हात द्यावा आणि रॉकरच्या टोकाखाली सपाट सरकवावी. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवावा. पाती ओढताना वहीच्या मिटलेल्या पानांतून कागद ओढावा इतका अटकाव जाणवला पाहिजे. हाताचा हा अंदाज बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला दोन पात्यांची परीक्षा करावी. माप ०.२० असेल तर ०.१८ची पाती मोकळी जावी आणि ०.२२ची जाऊ नये. स्क्रूचा आटा १ मि.मी.चा असेल आणि रॉकरचे प्रमाण १.४ असेल, तर स्क्रूच्या एका फेऱ्याच्या दहाव्या भागाने व्हॉल्व्हकडची फट ०.१४ मि.मी.ने बदलते, म्हणजे स्क्रूड्रायव्हर किती हलक्या हाताने फिरवावा लागतो, याची कल्पना यावी.

लॉकनट आवळताना स्क्रू दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावा. तरीही नट स्क्रूला आट्यांच्या मोकळिकीइतके वर ओढतोच, आणि फट किंचित वाढते. म्हणून आवळण्यापूर्वी पाती जराशी घट्ट ठेवावी आणि आवळल्यावर न चुकता पुन्हा मोजावी. मग इंजिनाचे दोन पूर्ण फेरे देऊन त्याच टीडीसीला परत आणावे आणि तिसऱ्यांदा मोजावी. मालकाला घाई असली आणि जरासा झिजलेला रॉकर एखाद्या हंगामापुरता चालवणे भागच असले, तर पाती वापरू नये. डायल गेजचा काटा दांडीच्या रेषेत रॉकरवर टेकवावा, रॉकर हाताने वर-खाली झुलवावा आणि काटा दाखवील ती खरी फट धरावी.

चार सिलिंडरच्या इंजिनाला हीच पद्धत थोड्या हिशेबाने लागू होते. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असेल तर चौथ्या सिलिंडरचे रॉकर डुलत असताना पहिल्याची फट जुळवावी, अर्धा फेरा देऊन दुसऱ्याचे डुलताना तिसऱ्याची, मग पहिल्याचे डुलताना चौथ्याची आणि शेवटी तिसऱ्याचे डुलताना दुसऱ्याची. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये ही जुळवणी खाली, टॅपेटच्या झाकणाआड होते; तिथे पुशरॉड बोटांनी सहज फिरावा आणि वरखाली खुळखुळू नये, ही कसोटी लावतात. हायड्रॉलिक टॅपेटच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणाऱ्या, इंजिनाला यातले काहीच लावू नये.

चालू करणे आणि नोंद ठेवणे

झाकण लावण्यापूर्वी रॉकर, स्क्रूची गोळी, पुशरॉडची वाटी आणि दांडीचा माथा यांवर तेलाच्या बुधलीतून तेल सोडावे. पंपाने वर तेल येणारे इंजिन असेल तर डिझेल बंद ठेवून ते थोडे फिरवावे आणि बुशच्या कडेने तेल पाझरताना डोळ्यांनी पाहावे. झाकणाचे पॅकिंग नवीन घालावे. मग इंजिन भाराशिवाय दहा मिनिटे चालवावे. लयीत येणारी बारीक टिकटिक ही या इंजिनांची निरोगी चाल आहे. अगदीच आवाज नसेल तर खूश होऊ नये, थंड झाल्यावर फट पुन्हा मोजावी. हेड उतरवून नवे पॅकिंग घातले असेल तर एकदा तापून थंड झाल्यावर, पुस्तिकेत सांगितले असल्यास, हेडचे नट पुन्हा टॉर्कवर घ्यावेत. त्याने हेड किंचित खाली बसते, रॉकरचा शाफ्ट कॅमच्या जवळ येतो आणि फट कमी होते, त्यामुळे त्यानंतर टॅपेट पुन्हा जुळवणे अटळ आहे.

प्रत्येक इंजिनासाठी वहीत एक पान असावे, आणि त्यावर तारीख, चाललेले तास व स्क्रूला हात लावण्यापूर्वी सापडलेली फट लिहावी. जुळवलेली फट सगळे लिहितात, पण उपयोग सापडलेल्या फटीचा होतो. ती दर वेळी वाढलेली सापडत असेल तर रॉकरचे टोक, पुशरॉडची वाटी, कॅम यांपैकी काहीतरी झिजते आहे किंवा लॉकनट सैल पडतो आहे. ती दर वेळी कमी सापडत असेल तर झीज खाली, सीटवर आहे. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये उतरतो आहे आणि त्याची दांडी वर येते आहे. कोरड्या इंधनामुळे सीएनजीच्या इंजिनांत हे विशेष दिसते. एग्झॉस्टच्या रकान्यात दर वेळी ०.२० जुळवूनही पुढच्या खेपेला ०.१७, मग ०.१५, मग ०.१२ असे आकडे दिसू लागले, तर चौथ्या वेळी स्क्रू सैल करून इंजिन परत देऊ नये. मालकाला वही दाखवावी आणि हेड उतरवण्याचा दिवस ठरवावा.